पोळ्याचं आवतण

हर्षल सौंसरच्या बसस्टँडवर उतरला तेव्हा त्याच्या पाठीवरची बॅग पाहून कंडक्टर म्हणाला, "बापा, एवढं वझं घेऊन तं आमच्याकडं नवरदेवही येत नाही!" हर्षल मनापासून हसला. आपल्या बोलीत कुणी आपली थट्टा केली याला दीड वर्ष झालं होतं.

बॅग होतीच तशी. भरलेलं सिलिंडर पाठीला बांधावं तशी दिसायची. तिच्यात तंबू होता, झोपायची पिशवी होती, धुऊन धुऊन विटलेले चार टीशर्ट होते आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेली एक छोटी, वाकड्या पात्याची कात्री होती. ती कात्री बाबांसाठी. फळाला इजा न होता देठ कापायची कात्री; ओढून तोडलेलं फळ दिसलं की बाबा चिडायचे. ती बाबांच्या हातात ठेवायची आणि त्यांचं तोंड बघायचं, एवढ्यासाठी पोरगा दोन विमानं आणि एक बस बदलून, कुणाला न कळवता आला होता.

हे प्रकरण सुरू कसं झालं ते सांगायला हवं. ऑस्ट्रेलियाचा एक व्हिसा असतो. वर्षभर देश फिरा, शेतावर राबलात तर आणखी एक वर्ष मिळवा, फिरता फिरता मिळेल ते काम करा, पोट भरा आणि पुढं चला. त्याची सोडत निघते. हर्षलचं नाव निघालं आणि त्यानं नागपूरची इंजिनियरची नोकरी सोडली. वडिलांना, म्हणजे रघुनाथरावांना, हे समजावताना मात्र त्याची पुरेवाट झाली.

"म्हणजे सुटी काढून मजुरी करशीन?"

"सुटीच आहे बाबा. खर्चापुरतं काम करायचं."

"मजुरी कराले सुटी काहून लागते बे? अन् काम कोणतं?"

इथं हर्षलनं खरं सांगितलं, आणि तिथंच घात झाला. "शेतावरचं. संत्री तोडायची."

आता रघुनाथरावांची बाग म्हणजे पार रामाकोना गावापर्यंत नाव असलेली. आणि या भागातली रीत अशी, की बाग झाडावरच व्यापाऱ्याला द्यायची. तोडणारी टोळी व्यापाऱ्याची, शिड्या त्याच्या, पेट्या त्याच्या. मालकानं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खाटेवर बसून चहा प्यायचा. त्या घरात तीन पिढ्यांत कुणी तोडणीच्या शिडीवर पाय ठेवलेला नव्हता, आणि एकुलता एक पोरगा ती शिडी चढायला विमानानं निघाला होता!

"काखेत कळसा अन् गावाले वळसा," रघुनाथराव म्हणाले. "जा. तोड लोकाइची संत्री. पण मले फोन करू नको."

ते बसस्टँडवर सोडायलाही आले नाहीत. माणूस शब्दाचा पक्का. तिकडून हर्षल व्हिडिओ कॉल लावायचा आणि तो नेहमी आईच, वच्छलाबाईच घ्यायची. बाबा कुठं आहेत विचारलं की उत्तर ठरलेलं, "बागेत गेले." बाग काही पळून जात नव्हती, पण बाबांना तीच घटका सापडायची. हर्षलही काही कमी नव्हता. त्यानं विचारणं सोडून दिलं.

मग गेल्या हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, एका मळ्यावर काम करताना त्याला राहवलं नाही. त्यानं त्या कात्रीचा फोटो काढून थेट बाबांच्या नंबरवर पाठवला. खाली लिहिलं, "बाबा, इथं एकही फळ ओढून तोडत नाहीत. तुमचा राग गेला का?"

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "गेला."

हर्षल तो एक शब्द घेऊन अख्खा दिवस शिडीवर गाणी म्हणत होता. त्यानंतर बाबांचे मेसेज येतच राहिले. फोन मात्र त्यानं केला नाही; "फोन करू नको" हा शब्द बाबा स्वतः मागं घेतील म्हणून तो थांबला होता. जेवला का. तिकडं साप लय असतात म्हणे, बूट घालत जाय. संत्र्याचा आंबिया बहार चांगला फुटला. हॉस्टेलातल्या पोरांना तो ते वाचून दाखवायचा, अर्थ सांगायचा आणि वर म्हणायचा, माझे बाबा तोंडानं कडू आणि बोटानं गोड आहेत. शेवटचा मेसेज श्रावणात आला, "पोळ्याले घरी असता तं बरं झालं असतं." त्याच संध्याकाळी त्यानं तिकीट काढलं. जे मोबाईलवर वाचलं ते त्याला एकदा बाबांच्या तोंडून ऐकायचं होतं. बाकी त्याला काही नको होतं.

तर आज पोळा होता. सौंसरच्या रस्त्यावर झुली, घुंगरं आणि बेगडाची दुकानं फुलली होती. उद्याच्या गोटमारीला, नदीच्या दोन काठांवरून होणाऱ्या दगडफेकीच्या जत्रेला, पांढुर्ण्याला जायचे बेत पानठेल्यावर चालले होते. हर्षलनं ऑटो केला आणि गावाच्या फाट्यावर उतरला.

फाट्यावर पहिले भेटले ते शेजारचे भगवंतराव. आपली बैलजोडी धुऊन, शिंगं रंगवून ते पोळा भरतो त्या तोरणाकडं निघाले होते. हर्षलनं वाकून नमस्कार केला. भगवंतरावांच्या हातातला कासरा सुटला.

"हर्षल? तू कवा आला गा?"

"आत्ताच काका. बाबाइले सांगू नका, गंमत करतो."

भगवंतरावांनी कासरा उचलला. "घरी जाय," ते म्हणाले. "आधी घरी जाय बापा." आणि बैलांमागं जवळजवळ पळालेच.

पुढं हनुमानाच्या पारावर बसलेली माणसं एकदम गप्प झाली. हापशीवरच्या बायांनी पदर पुढं ओढले. हर्षलनं दाढी खाजवली. दाढी छातीला टेकत होती, केसांची मागं शेंडी बांधली होती, एका कानात बाळी होती. त्याला वाटलं, गावानं आपला अवतार पाहून हाय खाल्ली. बाबा तर दारातच न्हाव्याला बोलावतील, या विचारानं त्याला हसू आलं.

घराच्या अंगणात लाख्या आणि मोऱ्या बांधलेले होते. हर्षल थबकला. बैलांच्या शिंगांना रंग नव्हता. अंगावर झूल नाही, गळ्यात माळ नाही, दारावर आंब्याचं पान नाही. ज्या घरात पोळ्याच्या आदल्या सांजेला रघुनाथराव स्वतः बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळायचे आणि माणसाला बोलवावं तसं "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणून त्यांच्या कानात सांगायचे, त्या घरचे बैल पोळ्याच्या दिवशी उघडे! बाबा आजारी असले तरी हे होऊ द्यायचे नाहीत. मग काय झालं असेल?

"आई!"

वच्छलाबाई दारात आली. हातात सूप होतं. कपाळ मोकळं होतं, गळाही मोकळा होता. तिनं पोराला पाहिलं, आणि तिनं जे केलं ते हर्षल जन्मात विसरणार नाही. ती पोराकडं धावली नाही. सूप टाकून ती आत पळाली, आणि क्षणात परत आली तेव्हा तिच्या कपाळावर लाल टिकली होती. घाईत वाकडी लागलेली.

"आला रे माह्या बाबू," ती म्हणाली. हसायचा प्रयत्नही केला.

हर्षलच्या पाठीवरची बॅग घसरून खाली पडली. दर व्हिडिओ कॉलला हीच टिकली होती. तो ओल्या अंगणात मोऱ्याच्या खुराशेजारी बसला.

"कवा?" त्यानं विचारलं.

आईनं टिकली काढली. आता तिचा उपयोग नव्हता. "पौषात. बागेत पाणी पाहाले गेलते. भगवंतरावाइनं आणलं उचलून. डाक्टर येईपर्यंत सरलं होतं."

"अन् मले कोणीच सांगतलं नाही?" तो ओरडला तसे बैल बिथरले. "सारं गाव जाणते! पोट्टे-सोट्टे जाणतात! मी इकडं हसत येऊन राहिलो अन् लोक माह्याकडं पाहून राहिले! आग कोणं देल्ली आई?"

"म्या."

तो बघतच राहिला. रस्त्यातून एकटी न जाणारी त्याची आई मडकं खांद्यावर घेऊन सरणाभोवती फिरली होती.

"भगवंतराव म्हणत होते, मी देतो," आई म्हणाली. "पण घरचं माणूस घरच्यानंच पोचवावं. तुले सांगाचं होतं रे. साऱ्याइनं म्हटलं, पोरगा परक्या मुलखात, एकटा. धरणारं कोणी नाही. त्यानं जिवाचं काही करून घेतलं तं? तेरवी होऊ द्या, मंग सांगू. मलेही पटलं." ती ओट्यावर टेकली. "अन् तेरवीच्याच दिवशी त्याइचा फोन वाजला."

हर्षलला समजलं. समजू नये असं वाटत असतानाच समजलं.

"घर पाहुण्याइनं भरलेलं. मी फोन घेऊन कोठीत गेली. पाह्यते तं तुह्या कात्रीचा फोटो. खाली लिहेल, राग गेला का. आता त्याले मी काय लिहू? माणूस गेला म्हणून लिहू? रातभर घेऊन बसली. सकाळी लिहिलं, गेला."

"मंग बाकीचे?"

"मंग तू रोज लिहाले लागला. एवढा तं तू मलेही लिहीत नव्हता."

बाहेर तोरणाखाली झडत्या, पोळ्याच्या चढाओढीच्या कविता, सुरू झाल्या होत्या. कुणीतरी मोठ्यानं म्हणत होतं आणि गाव हसत होतं. हर्षलच्या डोळ्यांपुढून एकेक मेसेज जात होता. बूट घालत जाय, आईचं. आंबिया फुटला, आईचं. ज्या बापासाठी तो धावत आला तो बाप आईनं कोठीत बसून एका बोटानं घडवला होता. त्याला आईचा संताप आला आणि तिची कीवही आली. सगळ्यांत जास्त स्वतःची लाज वाटली, कारण बापाचा आवाज दीड वर्ष ऐकू आला नाही तरी या लेकाला काही खटकलं नव्हतं.

त्यानं बॅगेतून टॉवेल काढला, कात्री सोडली आणि उगाच उघडझाप करत बसला. आईनं पाणी आणून दिलं. तो ते प्यायला. मग खाली बघतच विचारलं, "खरोखरचे बाबा काही म्हणाले काय? मी गेल्यावर? एखादा शब्द?"

आईनं मोऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"खरं सांगू का खोटं?" तिनं विचारलं.

हर्षलनं तिच्याकडं पाहिलं. आठ महिने खोटं बोललेली बाई आज पहिल्यांदा परवानगी मागत होती, आणि तिच्या तोंडावर खरं काय ते लिहिलेलं होतं. त्याला खरं ऐकायचं होतं. त्यासाठीच तर तो आला होता. पण तोंडातून भलताच शब्द बाहेर पडला आणि त्याचा त्यालाच धक्का बसला.

"खोटं," तो म्हणाला. "खोटं सांग आई."

वच्छलाबाईनं मान हलवली. जरा विचार केला. मग त्याच्याजवळ खाली बसली.

"मांगच्या पोळ्याची गोष्ट," ती म्हणाली. "आदल्या सांजेले बैलाइचे खांदे शेकून राहिलते. लाख्याच्या कानात म्हणे, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मंग मोऱ्याच्या कानात म्हटलं. मंग हात पुसले अन् मले म्हणे, वच्छले, हर्षललेही आवतन दे."

हर्षल हुंदके देत रडायला लागला. आई त्याच्या पाठीवर थापटत राहिली, आणि पुढचं रचून सांगत राहिली.