जागृत पेशी

वन्सं परोपकारी होत्या, हीच पडदे शिवणाऱ्या त्या बाईची खरी अडचण. भांडकुदळ नणंद परवडते. तिच्याशी निदान भांडता येतं.

बाईचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला फिट यायच्या, त्या गोळ्यांनी आटोक्यात आल्या होत्या. पण गेल्या खेपेला डॉक्टरीणबाई बोलून गेल्या, "फिट आल्या की मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी जागृत होतात," आणि सोबत गेलेल्या वन्संनी तेवढाच शब्द गाठीला बांधून घरी आणला.

"जागृत! म्हणजे चांगलंच की," त्या भावाला म्हणाल्या. "आणि तू गोळी घेऊन दिवसभर पेंगतोस. तुझ्याबरोबर त्या बिचाऱ्याही झोपत असणार."

"मुद्दा आहे हं ताई," म्हणत भावाने गोळ्या गुपचूप मोरीत टाकायला सुरुवात केली.

मग एका दुपारी 'येथे वाहने' एवढं रंगवून तो कोसळला. जीभ चावली गेली, रंगाचा डबा लवंडला. बायकोने त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली गिऱ्हाइकाचा नवाकोरा पडदा सरकवला. तो भानावर आला आणि गोळ्यांचं बिंग फुटलं.

"वन्सं, हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

"डॉक्टरांनीच!"

तिघं पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, त्या पेशी मेंदूच्या राखणदार. साफसफाई करतात, जपतातही. पण फिटमागून फिट आल्या की नको इतक्या चेततात आणि शेजारच्या पेशींनाही चेतवतात. मग पुढच्या फिटला रान मोकळं. यातलं बरंच अजून उलगडायचंय. पण गोळी फिट अडवते, ती बंद करायची नाही. पेंग येत असेल तर मला सांगा, काहीतरी बदल करू."

वन्संनी सुस्कारा सोडला. "असतात हो अशी माणसं. राखायला येतात नि घर पेटवतात." आणि त्यांनी भावजयीकडे पाहिलं.

भावजयीने पंख्याकडे पाहिलं.

घरी तिने नवऱ्यापुढे गोळी धरली.

"अर्धीच घे बाबा," वन्सं कळवळल्या.

"वन्सं!"

"मी आपली काळजीनं म्हणते."

नवऱ्याने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. "ताई," सुजलेल्या जिभेने तो बोबडं बोलला, "तुझा मुद्दा बरोबर आहे."

बायकोने गोळी आणखी पुढे सरकवली.

"पण चावली ती माझी जीभ." अख्खी गोळी गिळून त्याने न सांगताच बायकोपुढे आ केला.

तिच्या खांद्यावरून वन्संही चष्मा सावरत डोकावल्या. "डावा गाल नीट बघ गं," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून लबाड आहे मेला."