माळवदावरची माती

अंबाजोगाईच्या त्या जुन्या गल्लीत सगळ्या घरांना माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर पेललेलं मातीचं सपाट छत, आणि दोन घरांत मिळून एकच भिंत. पावसाळ्याआधी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, ही तिथली रीत. जुना थर काढायचं मात्र कुणाला कधी सुचलं नाही. यंदा तर गल्ली पाहायला पुरातत्त्व खात्याचे साहेब येणार होते. त्यांनी ती जपण्याजोगी ठरवली तर नवा रस्ता दुसरीकडून जाणार, नाहीतर या घरांवरून. मग काय, पाहुण्यांपुढे घर नटवायची हौस दांडगी. सगळ्यांनी दुप्पट माती टाकली.

विमलबाईंच्या मधल्या खोलीतली तुळई त्याच आठवड्यात तडकली. त्यांनी गुपचूप खाली लाकडाचा टेकू दिला आणि पुढे वाकळांची चळत रचली. आपल्या एका घरापायी अख्खी गल्ली जाईल, या धास्तीनं रात्रभर डोळा लागेना. भिंतीपलीकडच्या बीबीजानशी त्या मीठमिरचीपासून सगळं बोलायच्या, पण तिलाही त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

साहेब आले, कोरीव चौकटी पाहून खूश झाले. मग नेमके विमलबाईंच्याच घरात शिरले आणि वरून गल्ली पाहू म्हणाले. झालं! अर्धी गल्ली जिन्याशी लोटली. पाहुण्याला एकट्याला वर धाडणं आपल्या लोकांना शोभतं थोडंच?

विमलबाईंनी वाकळांकडं पाहिलं. गप्प बसलं तर गल्ली वाचेल. तुळईही तग धरेल, कदाचित. साहेबांचा पाय पहिल्या पायरीवर पडला. त्यांच्यामागेच बीबीजानची पोटुशी लेक शाईस्ता उभी होती.

विमलबाईंनी वाकळा ओढून पाडल्या.

"साहेब, वर जाऊ नका. तुळई मोडलीय. मी लपवलं हुतं."

सगळ्यांच्या नजरा टेकूवर खिळल्या. आता शिव्या पडणार म्हणून विमलबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या.

बीबीजान हळूच म्हणाली, "आमची बी मोडलीय, विमलबाई. सांगायला जीव धजला न्हाई."

मग दाराशी उभ्या, गल्लीतल्याच नाथानंही आपल्या घरात टेकू असल्याचं कबूल केलं. पाठोपाठ आणखी दोघांनी.

साहेबांनी पाय मागे घेतला. तुळया बदलता येतील, पण आधी वर्षानुवर्षांच्या मातीचं हे ओझं उतरवा, त्याशिवाय मी काही लिहिणार नाही, असं बजावून ते गेले.

एकाच भिंतीच्या दोन्ही अंगांना दोघी छताकडं बघत जागत होत्या, हे कळल्यावर विमलबाईंना आधी राग आला, मग रडू. बीबीजाननं बाहेरून शिडी लावली आणि मातीचं पहिलं घमेलं विमलबाईंच्या माळवदावरून उतरवलं.