एकच नासपती

जेन्नारजेंतू डोंगरावर वनस्पतींच्या किती वस्त्या आहेत, म्हणजे कोणतं रोप कोणाच्या शेजाराने राहतं, हे बोनारियाबाईंनी ठरवायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची, असा चाळीस वर्षांचा रिवाज होता. सोळावी वस्ती कोवळ्या गवताची, सतरावी काट्यांची. ही सतरावी बाईंच्या नावाने ओळखली जायची आणि त्यांचा सगळा जीव तिच्यात होता.

त्यांची विद्यार्थिनी गाविना तीन वर्षं या दोन वस्त्यांमधली हद्द शोधत होती. ती काही सापडेना. ‘एप्रिलमध्ये गवत, जुलैमध्ये काटे, जागा एकच,’ असं तिने प्रबंधात लिहिलं. बाईंनी त्यावर लाल रेघ मारली आणि डोळे उघडे ठेवून फिरत जा, असं चारचौघांत सुनावलं. पोरगी इतकी खचली की काम सोडायला निघाली. तेव्हा बाई म्हणाल्या, चल, मीच दाखवते.

भर जुलैत तिघं वर चढली. तिसरे बाकिसिओकाका, ऐंशी पार केलेले मेंढपाळ. बाईंच्या तरुणपणी त्यांचं सामान वाहणारं गाढव काकांचंच होतं. खोड फाटलेल्या रानटी नासपतीच्या झाडाखाली बसून काका पातळ, कुरकुरीत रोटीवर चीज कापून देऊ लागले. समोर सगळे काटेच काटे. त्यांच्या बुडाशी वाळलेल्या गवताच्या काड्या होत्या. गाविनाने त्या दाखवल्या नाहीत.

बाईंनी जुनी वही काढून वाचून दाखवली. चौकट सोळा, एप्रिल: डाव्या हाताला विजेने फाटलेली नासपती. चौकट सतरा, जुलै: उजव्या हाताला विजेने फाटलेली नासपती. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला.

“या उतारावर नासपती एकच आहे, पोरी,” काका बाईंना म्हणाले. “तुला किती हव्यात?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. लोकर कातरायच्या आधी बाई आणि ते देसुलो गावाकडून चढले होते, कातरणी झाल्यावर पलीकडच्या फोन्नी गावाकडून. त्या दुसऱ्या खेपेला ढग उतरले होते, दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. बाईंनी त्याच जागेवर पुन्हा दोरी टाकून नवी चौकट आखली.

“मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

“बोललो की. तू म्हणालीस, तुम्ही आपल्या मेंढ्या बघा.”

गाविना खाली मान घालून रोटी मोडत राहिली. वही मिटली असती तर विषय तिथेच संपला असता, ती पोर एक अक्षर बोलली नसती. बाईंना हे कळत होतं, आणि आपल्याला ते कळतंय याचीच त्यांना लाज वाटली.

त्यांनी गाविनाकडून प्रबंध मागून घेतला. लाल रेघ मारलेलं वाक्य शोधलं आणि त्याच्याखाली तेच वाक्य स्वतःच्या हाताने सावकाश पुन्हा लिहिलं. मग वस्त्यांच्या यादीतली सतरावी वस्ती खोडली.

“बाई, ती तुमच्या नावाची आहे,” गाविना पुटपुटली.

“होती. तुला मी चारचौघांत बोलले होते ना? सोमवारी त्या सगळ्यांना बोलाव. हेही त्यांच्यासमोरच सांगणार आहे.”

काकांनी चीजचा मोठा तुकडा कापला आणि आधी गाविनाला दिला.