घोट्याखालचं पाऊल

पिन घोट्यातून गेली होती — पुस्तिका मधोमध उघडली की दोन पानांवर मिळून एक पाऊल दिसायचं, सारवलेल्या अंगणात बाहेरच्या कडेवर टेकवलेलं, टाच उचललेली, करंगळी जमिनीत दाबलेली, आणि कागद शिवणाऱ्या यंत्रानं स्टेपलची पिन नेमकी घोट्याच्या हाडातून आरपार मारली होती. घोट्याच्या वर पान संपत होतं. माणूस नव्हता. तिलकनं फोटोतलं अंगठ्याचं दुभंगलेलं नख पाहिलं, मग वाकून आपलं पाहिलं. तेच. धानाच्या कट्ट्याखाली, भरल्या पोत्याखाली, सापडलेलं. म्हणजे आपण लंडनला गेलो... घोट्यापर्यंत गेलो.

शाळेच्या व्हरांड्यात तो अर्धा बाई होऊन बसला होता. वर पावडर, लाली, कानात झुमके, खाली अजून बर्मुडा. भाऊबीज झाली की इकडे गावोगाव मंडई भरते, जत्राच ती, आणि मंडईत दुपारची दंडार, ढोलकीवरचा नाच-सोंगांचा खेळ, आणि दंडारीत बाई व्हायचं ते पुरुषानंच — तिलक सोळा वर्षं बाई होत आला होता. बाहेर जिलेबीच्या कढईचा वास, भोंग्यावर कोणाचं तरी हरवलेलं लेकरू, आणि वर बिरसीच्या पायलट शाळेचं छोटं विमान सकाळपासून तेच ते गोल फिरत होतं. कोणी मान वर करत नव्हतं.

"काऊन गा लंडनवाली, लुगडं कवा नेसतेस?" ढोलकीची दोरी ताणत भुपेंद्र म्हणाला. "पब्लिक येऊन राहिली."

"नेसतो ना."

"पुस्तक दाखव ना बे. तुहा फोटू छापला म्हणते सारं गाव."

"पायाचा छापला."

भुपेंद्रनं ढोलकी खाली ठेवली. हसावं की नाही हे त्याला एक मिनिट कळलं नाही, मग हसलाच. "बरं केलं. तोंड पाहून कोण तिकीट काढते!"

तिलकही हसला. लाली दातांना लागली.

पाकीट सकाळीच आलं होतं. रिंकीनं, त्याच्या बायकोनं, ते फाडलं नाही, भाताच्या वाफेवर धरून उघडलं — विदेशी तिकीट पोरीच्या वहीत चिकटवायला. आत ही गुळगुळीत पुस्तिका. कॅनडाच्या नाच-नाटकांचा लंडनमधला सीझन, सहा आठवडे, पाच मंडळ्या. मोबाइल पानावर धरला की इंग्रजीचं मोडकंतोडकं मराठी होत होतं, आणि तो आंघोळ सोडून तेच वाचत बसला. एक माणूस बरफाच्या लादीवर नाचतो, लादी विरघळेपर्यंत. एका नाटकात मासे कापायच्या कारखान्यातल्या तीन बाया तासभर एक शब्द बोलत नाहीत. आणि शेवटचा खेळ मॅडलीनबाईचा, नाच तिनंच बसवलेला, नाव 'चिखल'. प्रत्येक पानावर नावंच नावं. नाचणारे, दिवे लावणारा, बूट शिवणारी. बरफ गोठवणाऱ्याचं नाव होतं. बरफाचं! जे रोज रात्री विरघळून नाल्यात जाते त्याच्या मालकाचं नाव होतं, आणि 'चिखल'च्या पानाच्या तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात — पावलं : मध्य भारतातली, पारंपरिक. शेकडो वर्षं भातलावणी करताना, गुडघाभर चिखलातून पाय उपसताना घडलेली.

पारंपरिक. म्हणजे रस्त्यावरची बोर. ज्याचा हात पोचेल त्यानं झोडावी.

साली ही मॅडलीन... तीन हिवाळ्यांमागं बारा दिवस होती इथं. रोज गोंदियावरून ऑटोनं यायची, तिलकच्या अंगणात कॅमेरा मांडायची, रिंकीच्या हातचा भात नि पोपटीच्या शेंगांची भाजी बोटं चाटून खायची. जाताना डोळ्यात पाणी आणून म्हणाली होती, तुझ्याशिवाय हे होणार नाही. 'ये' असं ती कधीच म्हणाली नव्हती. हे त्याला आज दिसत होतं, लख्ख दिसत होतं — पण तेव्हा त्यानं त्या एका वाक्यावर नागपूरला जाऊन पासपोर्ट काढला, गावात सांगितलं, सासऱ्याला सांगितलं, थंडी किती राहते ते यूट्यूबवर पाहून जाड जाकीट घेतलं. जाकीट अजून खुंटीला आहे.

ढोलकी घुमली. त्यानं पुस्तिका ब्लाऊजमध्ये खुपसली, लुगडं नेसलं, पदराला पिन मारली आणि मैदानात गेला.

पहिली फेरी नेहमीसारखी झाली. गण झाला, गवळण झाली, मग ढोलकी त्या जागेवर आली जिथं ते पाऊल पडतं — बाहेरची कड टेकते, टाच तरंगते, क्षणभर सारं अंग एका बाजूला कलंडते, पडते की काय असं वाटते, आणि मग ओढत, ओढत दुसऱ्या पायापाशी येते. शिट्ट्या आल्या. याच पावलावर येतात. गावाबाहेर बाकीच्या दंडारींत हे पाऊल नाही, फक्त आमच्यात, आणि आमच्यातही माझंच खरं पडतं, बाकीचे नुसते लंगडतात...

लंगडतात.

मॅडलीननं विचारलं होतं. हे कोणी विसरू नये, तिनं विचारलं होतं. नागपूरच्या दुभाषी पोरीनं नीट मराठीत सांगितलं होतं, "मॅडम विचारताहेत, ही चाल कोणाची?" आणि तिलकनं लगेच, जरा हसून, मान तिरकी करून सांगितलं — आमच्यात कोणाचं काही नसते मॅडम, पूर्वापार चालत आलेलं. रोवणा करताना पाय चिखलात फसते ना, त्यातून आलं हे. हे आपल्याला कुठून सुचलं कोण जाणे. रोवण्याचं ऐकून तिनं डोळे मिटले होते. शेकडो वर्षं हे तिनं आपल्या मनानं घातलं, पण चिखल... चिखल माझा.

पाऊल ताराचंदचं होतं. ताराचंद उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलमध्ये कामाला असताना कोंड्याच्या राखेवर पाय देऊन बसला. ती राख वरून थंडगार, करडी दिसते, आत लाल असते. पाय बरा झाला तो आत मुडपूनच. मग तो कडेवर चालायला लागला, आणि कडेवरच नाचायला लागला, आणि त्यानंच शाळेच्या आवारात टिनाच्या डब्यावर काठी मारत तिलकच्या वयाच्या पाच-सहा जणांना दंडार शिकवली. गण म्हणायच्या वेळी तो बाजूला उभा राहायचा, ते त्याच्या घरात छप्पन सालापासून बंद होतं. गण संपला की यायचा. ओरडायचा, "पायाकडे पाहू नका बे, ढोलकीकडे पाहा!" 

मॅडलीनला हे का नाही सांगितलं? सकाळपासून तिलक स्वतःला सांगत होता, नम्रपणा. दंडारीत आपलं आपलं कोणी म्हणत नाही. दुपारपर्यंत तो थोडा खाली आला होता — जळका पाय, मिल, राख, असलं बाहेरच्या माणसाला काय सांगायचं. आणि आता, पदरानं घाम टिपत मैदानाच्या कडेला उभा असताना, आणखी खाली... ताराचंदचं घर आपल्या अंगणापासून चारशे पावलांवर आहे. पंचशील झेंड्यामागं. मी नाव घेतलं असतं तर ती उठली असती, कॅमेरा उचलला असता आणि त्या मोहल्ल्यात गेली असती, नि बाराच्या बारा दिवस तिथंच बसली असती. भात तिथं खाल्ला असता. एवढंच. एवढ्याचसाठी.

"तिलक!"

तो वळला. जिलेबीच्या दुकानापुढं प्लास्टिकच्या खुर्चीवर ताराचंद. शेजारी त्याची नात अल्का, नर्सिंगला शिकणारी. कित्येक वर्षांत म्हातारा दंडारीकडे फिरकला नव्हता. गुडघा दुखते म्हणायचा.

"तारामामा! तुम्ही, इकडं?"

"पोरगी म्हणे चाल, तिलकचा पाय विलायतेत छापून आला." म्हातारा बोळक्या तोंडानं हसला. "दाखव ना गा."

तिलकनं ब्लाऊजमध्ये हात घातला.

"कायकाय ठेवतेस बे तिथी!"

अल्का तोंडावर ओढणी घेऊन हसली. पुस्तिका घामानं ओली झाली होती. म्हाताऱ्यानं ती लांब धरली, जवळ धरली. नखाकडे त्यानं पाहिलं नाही. त्याचं बोट कडेवर होतं, तरंगत्या टाचेखाली.

"हा तुहा पाय व्हय?"

"हो."

"असा काऊन ठेवला?"

अल्कानं खाली वाचलं. तिला मोबाइल लागला नाही. "आजोबा, इथं लिहिलं आहे की रोवणा करता करता असं पाऊल झालं. शेकडो वर्षांपासून."

"रोवण्यात कोण लंगडते?"

आता. आता सांगायचं. तिलकच्या छातीत काहीतरी सैल झालं, जवळजवळ आनंदासारखं — तो म्हाताऱ्यापुढं उकिडवा बसला, लुगड्यासकट. "मामा, ते चुकीचं छापलं. मी खोटं सांगितलं होतं. पाऊल तुमचं आहे. तुम्ही शिकवलं तेच..."

"म्या?" म्हाताऱ्यानं पुस्तिका मांडीवर ठेवली. "म्या कवा शिकवलं? म्या म्हणत जाओ, पायाकडे नका पाहू. तुम्ही पायाकडेच पाहून राहिले. माहा पाय जळला, आन् तुम्ही पोट्टे माह्यासमोर लंगडून दाखवा. पब्लिक शिट्ट्या मारे. म्या बी हासलो. काय करतो? लेकरं होते. मंग मोठे झाले तरी तेच चालू. तवा म्या येणंच सोडलं."

"मामा, नक्कल नव्हती ती. आम्हाला वाटलं, नाच असाच राहते."

"असन बाप्पा." आवाजात राग नव्हता. रागाला बहुतेक फार वर्षं झाली होती. "तिकडचे बी हासले का?"

"नाही. तिकडे नाच आवडला की उठून उभे राहतात. टाळ्या वाजवतात."

"लंगडण्याले?"



"दादा," अल्का म्हणाली, हळू पण सरळ त्याच्याकडे बघत, "त्यांना लिहा ना. आजोबांचं नाव टाका म्हणा. ईमेल मी लिहून देते."

"नाव नको गा!" म्हाताऱ्यानं हातच उचलला. "गावात झालं तेवढं पुरे हाय. आता देशोदेशी सांगता का, कोणाचा पाय व्हय तो?"

त्यानं पुस्तिका परत दिली, खुर्चीचा हात धरून उठला. निघाला. तिलकनं आयुष्यभर पाहिलेलं ते चालणं पाहिलं. पलीकडे भुपेंद्र ढोलकी वाजवत होता, दुसऱ्या फेरीची, आणि म्हाताऱ्याच्या पावलाचं ढोलकीशी काही जमत नव्हतं. कड टेकली की दरवेळी त्याचा खालचा ओठ आत जात होता.

हा ओठ मला कधी दिसला नव्हता. मी खालीच पाहत होतो.

"ये ना बाई, मुहूर्त काढू का?" भुपेंद्र ओरडला.

तो गेला. पुस्तिका पुन्हा छातीशी. लिहावं तर म्हातारा उघडा पडतो, न लिहावं तर चिखल राहतो. मॅडलीनला काय सांगू — ते पाऊल नाही, थांबवा? तिकडे या घडीला 'चिखल'मधले सात जण तालमीत कड टेकवत असतील, सातही जणांचे पाय धडधाकट... ढोलकी चढत होती. ती जागा जवळ येत होती, शिट्ट्यांनी तयारी केली होती, आणि त्यानं ठरवलं, पाय सपाट ठेवायचा, पूर्ण तळवा. उचलला — आणि कळेना. सपाट कसा पडतो? आधी टाच की आधी चवडा? हात कुठं जातो तेव्हा? सोळा वर्षं नाचलो, माझं स्वतःचं पाऊल कसं आहे ते मला माहीत नाही.

"पाय विसरली गा लंडनवाली!" कोणीतरी मागून ओरडलं, आणि मैदान खदखदलं.

भुपेंद्रनं सावरून घेतलं, तीच जागा पुन्हा वाजवली. पुन्हा. एका पायावर उभ्या तिलकनं मान वर केली, आणि उचललेला पाय तसाच अधांतरी ठेवून तो ढोलकीकडे पाहू लागला.