निजलेले फोन

आतल्या खोलीत काहीतरी पडलं. टप्प. एवढाच आवाज, पण कोणीच बोलत नसलेल्या त्या घरात तो मोठा वाटला.

"मांजर असेल," बाइके म्हणाले आणि तोंडातला तळलेल्या बोरसोकचा घास न चावताच गिळला.

बाइके म्हणजे तिलेकचे, माझ्या नवऱ्याचे, थोरले भाऊ. त्यांचं नाव मी कधी उच्चारलेलं नाही. केलिन, म्हणजे घरची सून, सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं ओठांवर आणत नाही. सासऱ्यांचं तर नाहीच नाही. ते गेल्यापासून त्यांची खोली बंद आहे आणि त्या दारापुढून जाताना मी अजूनही मान खाली घालते.

शांतता पसरली होती ती बाइकेंच्याच बोलण्याने. ते म्हणाले होते, "उद्या अल्मातीवाले गेले की तुमच्या कंपनीला बिश्केकमध्ये कुत्रं विचारणार नाही. आजच मला देऊन टाका. घरातलं घरात राहील."

कंपनी आम्ही दोघांनी उभी केली, बाहेरच्या कुणाचाही पैसा न घेता. तिलेकने गाडी विकली. आरूके पाळण्यात असायची, मी पायाने झोका देत प्रोग्राम लिहायचे. झोका थांबला की ती रडायची, म्हणून माझा पाय कधी थांबला नाही. लोकांच्या फोनवर खेळांची, हवामानाची अॅप असतात. त्यांत जाहिरात पोचवायची, कुणी तिच्यावर बोट टेकवलं की अॅपच्या मालकाला त्याचा वाटा द्यायचा, उरेल त्यावर आपण जगायचं आणि त्यातूनच पुढचा माणूस कामावर ठेवायचा. अशी ती वाढली, पोरीच्याच गतीने.

अल्मातीची एक टॅक्सी कंपनी हे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांनी कळवलं होतं: तुमच्याकडून बोटं येतात, प्रवासी येत नाहीत. ही खोटी बोटं कुठली ते सोमवारपर्यंत सांगा, नाहीतर आम्ही निघालो. ते निघाले की पाठीशी पैसेवाला नसलेली आमची कंपनी त्याच महिन्यात बसणार होती. आणि आज रविवार.

थोडं मला कळलं होतं. ती सगळी बोटं मेंढपाळांसाठीच्या हवामानाच्या एकाच अॅपवरून यायची. माणसाच्या हातातला फोन कधी स्थिर नसतो, नुसत्या श्वासानेही हलतो. हे फोन हलतच नव्हते. अॅपच्या मालकाचं नाव होतं माझ्या सासऱ्यांचं. त्या नावाचे म्हातारे नारिनकडे गावोगाव भेटतात, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. ऑफिसातसुद्धा ते नाव घेत नसे. "ते थोरल्यांचं अॅप" म्हणायचे. पोरं हसायची आणि पुढच्या अॅपवर जायची.

"तिलेक, बोल की," बाइके म्हणाले. "का तेही बायकोला विचारून?"

तिलेक गालिच्याच्या नक्षीकडे बघत बसला.

"विचारू दे ना," अपा, माझ्या सासूबाई, म्हणाल्या. "आमच्या वेळी केलिन नुसता चहा ओतायची, पण चहासारखा चहा असायचा. आता धंदा करते, आणि चहा बघा. पाणी!"

मी त्यांचा पियाला अर्धा भरून पुढे केला. अर्धाच भरायचा, म्हणजे माणूस पुन्हा मागतो, बसून राहतो. काठोकाठ भरला की समजायचं, आता उठा. लग्न होऊन आल्यापासून या घरातली चहाची किटली माझ्याच हातात आहे. अर्धा म्हणजे किती, ते माझ्या मनगटाला ठाऊक आहे.

तेवढ्यात आरूके आली. एका पायात मोजा, दुसरा उघडा, हातात फोन, त्याला वायर लोंबतेय.

"आई, आजोबांच्या खोलीत फोन निजलेत."

"किती गं?"

"खूप! फळीवर, सगळीकडे. दिवे लावून निजलेत. कोणी हात लावत नाही तरी त्यांचं चित्र उघडतं, मिटतं. मी एकाला उठवलं, तर तो पडला."

बाइके ताडकन उठले. "आण इकडे! पोरीला काही वळण आहे का नाही? बंद खोलीत शिरते!"

आरूके माझ्या पाठीमागे लपली. तिच्या हातातला फोन मी घेतला. काचेवर बर्फाचा ढग, एक मेंढी, आणि खाली आमची टॅक्सीची जाहिरात. उघडत होती, मिटत होती. कोणी बोट लावत नव्हतं.

"दुरुस्तीला आलेत ते," बाइके म्हणाले.

"मग सगळे आमचीच जाहिरात का दाबतायत, बाइके?"

"दाबतायत म्हणून तर वाढलात! वर्षभर गोड लागलं ना? माझ्यामुळे फुगलात तुम्ही."

"आणि फुटायला आल्यावर तुम्हीच विकत घेणार."

"सिद्ध कर." ते हसले. "कुणाच्या नावावर आहे ते अॅप? सांग की. घे नाव. आईच्या समोर घे."

तेव्हा मला त्यांचा हिशोब उमगला. बंद खोली, बापाचं नाव, आणि मान खाली घालणारी केलिन. त्या हिशोबात फक्त पोरीचा एक उघडा पाय धरायचा राहिला होता.

मी उलानला फोन लावला. रविवारी ऑफिसात तोच असतो.

"एक अॅप बंद कर. आत्ता."

"कुणाचं, एजे?" थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो मला एजे म्हणतो.

किटली माझ्या हातात होती. ती मी खाली ठेवली.

"सागिनबाय," मी म्हणाले. "माझे सासरे. चालवणाऱ्याचं नाव कुबानिच. माझे थोरले दीर. दोन्ही नावं अल्मातीला कळव."

केलिनने ही नावं घेणं म्हणजे काय, ते उलानला ठाऊक होतं. तोही इथलाच. मग कळफलकाची खटखट ऐकू आली. माझ्या हातातल्या फोनवर मेंढीच्या खाली नुसता पांढरा चौकोन उरला.

"माझ्या नवऱ्याचं नाव घेतलंस," अपा म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणूनच भीती वाटली.

"ते नाव चोरीला कुणी चिकटवलं, अपा? मी फक्त वाचून दाखवलं."

"तो त्या खोलीत काही करतो, हे मला दिसत होतं," त्या म्हणाल्या. "मी विचारलं नाही. घर असंच टिकतं. तुला टिकवायचं नव्हतं."

बाइके तिलेकवर ओरडले, "आज ठरव! ही, का हे घर?"

तिलेक उठला. बापाच्या खोलीत गेला. आत प्लग उपसल्याचे आवाज आले, एकामागून एक. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात आरूकेचा दुसरा मोजा होता. खाली बसून त्याने तो तिच्या पायात चढवला आणि टाच नीट केली.

अपांनी किटली स्वतःकडे ओढली. माझा पियाला घेतला. ओतत राहिल्या, धार थांबली नाही. चहा काठाला आला, काठाच्या वर फुगला, आणि तसाच त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला.

आरूके वाकून बघू लागली. मग माझ्या कानाला तोंड लावून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, अपांनी तुलाच सगळ्यात जास्त चहा दिला. तूच त्यांची सगळ्यात लाडकी आहेस का?"