पाच मिनिटांचं माप

संस्कृतीच्या पीएचडीचं घोडं शेलूबाजारच्या एका ऑनलाइन सेंटरात अडलं होतं, आणि अडलं होतं तिच्याच हौसेनं. एका पद्धतीवर भागवेल तर ती संस्कृती कसली! तिनं दोनशे जणांकडून प्रश्नावली भरून घेतली, वर चार दिवस बाकावर बसून घड्याळ लावून प्रत्येकाचा वेळ टिपला. प्रश्नावली म्हणे, कामाला पाच मिनिटं लागतात. घड्याळ म्हणे, दोन तास. तिच्या गाइड सरांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "दोन्ही जुळवा, नाहीतर सगळं पुन्हा करा." पुन्हा म्हणजे आणखी एक वर्ष, आणि फेलोशिप तर मार्चमध्येच संपत होती.

उरली तिसरी पद्धत, मुलाखत. बाकावर सत्तरीच्या गोजराबाई केवायसीसाठी सकाळपासून बसल्या होत्या. निंदणात झिजलेला त्यांचा अंगठा मशीन काही ओळखत नव्हतं. तरी प्रश्नावलीत त्यांची खूण 'पाच मिनिटं'वरच.

"आजी, खरं सांगा, सेंटरवाल्या देवानंदभाऊंना घाबरून लिहिलं का?"

"त्याले कायले भेऊ? त्याचं नाक पुसलं म्या लहानपणी."

देवानंदनं कीबोर्डात तोंड घातलं.

"मग दोन तासांची पाच मिनिटं कशी झाली?"

"तुहा कागद काढ बरं. वरतं काय लिवलं हाये?"

संस्कृतीनं वाचलं, "ही प्रश्नावली भरण्यास फक्त पाच मिनिटे लागतील."

"अन् मले किती येळ लागला?"

बेचाळीस प्रश्न होते. पाऊण तास लागला होता, मधे चहाही झाला होता.

"आमाले वाटलं, शिकलेल्या लोकायच्या कागदावर पाच मिनिटाचं मापच मोठं असते. मंग तुह्याच मापानं मोजून देलं. चुकलं का काई?"

सेंटर खदखदून हसलं. संस्कृतीला आधी रडू आलं, मग हसू.

दुसऱ्या दिवशी तिनं आणखी वीस जणांना विचारलं. अठरा जणांनी तेच सांगितलं. स्वतःची चूक न लपवता तिनं प्रकरण लिहून पाठवलं. आठवड्यानं सरांचा फोन आला तेव्हा ती सेंटरातच होती, आणि गोजराबाईही, कारण अंगठा अजून उमटायचाच होता.

"तिन्ही पद्धती जुळल्या! सही करून पाच मिनिटांत पाठवतो."

तिचा जीव भांड्यात पडला.

"काय म्हणते तुहा सर?" गोजराबाईंनी विचारलं.

"पाच मिनिटांत सही करतो म्हणाले."

गोजराबाईंनी फडक्याची गाठ सोडली आणि अर्धी भाकर तिच्यापुढे केली.

"मंग जेवून घे, माय."