स्टार्चबाईची मिस्सा

"मिस्सा नाही होणार, ताई," फादर म्हणाले. "आज नाही, आणि उद्याही नाही."

मी मोरीत टबापाशी उकिडवी बसले होते. हात कोपरापर्यंत साबणात. टबात चर्चच्या मोठ्या वेदीचं पांढरं कापड होतं आणि बाहेरच्या खोलीत खाटेवर आई होती.

गुरुवारी संध्याकाळची उपासना संपली की वेदी उघडी करतात. मेणबत्त्या, फुलं, कापड, सगळं काढून घेतात आणि शनिवारच्या रात्रीपर्यंत ती तशीच नागडी ठेवतात. ते कापड त्याच संध्याकाळी आमच्या घरी यायचं. मला कळायला लागल्यापासून येत होतं. या गुरुवारीही आलं. आईनं ते कोमट पाण्यात भिजत घातलं, पदराला हात पुसले, "पाठ भरून आलीय, जरा पडते" म्हणाली आणि पडली. सकाळी उठलीच नाही. एवढंच झालं. आजारपण नाही, औषध नाही, निरोपाचं एक वाक्य नाही. बाई कापड भिजत घालून गेली.

"का नाही होणार?" मी विचारलं.

"गुरुवारच्या संध्याकाळपासून ईस्टरपर्यंत मृतांसाठी मिस्सा करता येत नाही. प्रार्थना करू, दफन करू. घंटा नाही, गाणं नाही. साऱ्या जगात हाच नियम आहे."

"साऱ्या जगात या दोन दिवसांत कोणी मरत नाही का?"

"मरतात," फादर म्हणाले. "त्यांचंही असंच होतं."

वयानं माझ्या मुलासारखे, नवीनच आलेले. दारात चपला काढून उभे होते, काय करावं ते न कळून. सोमवारपर्यंत थांबलं तर वेदीवरची पूर्ण उपासना, म्हणजे मिस्सा झाली असती, घंटाही वाजली असती. पण हॉस्पिटलचं शवागाराचं मशीन बंद पडलं होतं आणि उकाडा असा की दुपारपर्यंत दूध टिकत नव्हतं. तेव्हा दफन शनिवारी सकाळीच. दादानं हे सगळं मला न विचारता ठरवून टाकलं होतं.

मी तेही गिळलं असतं. पण फादरांची नजर टबाकडे गेली.

"ताई, आणखी एक. हे कापड उद्या रात्रीच्या उपासनेला लागेल. मोठ्या वेदीच्या मापाचं दुसरं नाहीये. तुमच्या सवडीनं झालं तर..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सवडीनं म्हणे. गरज सरो, वैद्य मरो हे ऐकलं होतं. इथं वैद्य मेला होता आणि गरज सरलीच नव्हती.

"कापड मिळणार नाही," मी म्हणाले.

"अगं, काय बोलतेस," आतून दादा.

"तू गप्प बस. फादर, जिनं आयुष्यभर तुमची वेदी नटवली तिच्यासाठी एक घंटा हलत नाही तुमच्याकडून. मग वेदी राहू दे उघडीच. आम्ही उघडे पडलोय, ती पण पडू दे."

फादर चपला घालून गेले. दादा माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच आईला मारलंय.

हा माझा थोरला भाऊ. हार्डवेअरच्या दुकानात खिळे-स्क्रू मोजून देतो. मुकी बिचारी कुणीही हाका, त्यातला. मी वीज कंपनीच्या तक्रारीच्या खिडकीवर बसते. दिवसभर भांडणं ऐकायचाच मला पगार मिळतो, त्यामुळे मला भांडता येतं. त्याला येत नाही. "आईला हे आवडलं नसतं," एवढंच तो म्हणाला.

"मग जा, विचारून ये तिला."

आईला सगळा परिसर स्टार्चबाई म्हणायचा. खरं नाव फादरांना रजिस्टर उघडूनच कळलं असणार. हाताच्या बोटांना बारमाही भेगा. कापडाला खळ करायची, ओलसर असतानाच इस्त्री करायची आणि घडी कधी म्हणजे कधी घालायची नाही. पुठ्ठ्याच्या लांब नळीवर गुंडाळायची आणि तान्हं मूल न्यावं तशी दोन्ही हातांवर घेऊन चर्चमध्ये जायची. "घडी घातली तर वेदीवर रेघ दिसते," म्हणायची. "मग लोक देवाकडे बघत नाहीत, रेघेकडे बघतात." स्वतः शेवटच्या बाकावर बसायची आणि देवाकडे बघायची का ते मला माहीत नाही, कापडाच्या काठाकडे बघायची हे मी पाहिलंय.

ईस्टरच्या सकाळी शुभवर्तमान वाचायचे. कबर रिकामी, कापडं तिथंच पडलेली, डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला. दर वर्षी त्या वाक्याला आई मला कोपर मारायची आणि पुटपुटायची, "बघ. उठला ते बरंच झालं, पण कापडं टाकून गेला. धुवायला कोणीतरी बाईच लागणार." मला हसू यायचं. कॉलेजात असताना मला शिंगं फुटली होती, तेव्हा मी तिला विचारलं होतं, "तुला खरंच वाटतं का गं, मेलेलं माणूस उठतं?" तिनं इस्त्री बाजूला ठेवली नाही. करता करताच म्हणाली, "न येणाऱ्या माणसाचे कपडे कोणी इस्त्री करून ठेवतं का?"

असलं उत्तर द्यायची आणि विषय संपवायची.

शुक्रवारी दिवसभर लोक येत राहिले. चर्चमध्ये गाणाऱ्या कोयरमधली एक जाडी बाई माझा हात हातात घेऊन म्हणाली, "रडू नकोस गं. किती पवित्र दिवशी गेली. नशीब लागतं."

"पुढच्या वर्षी तुम्ही जा," मी म्हणाले.

तिनं हात सोडला. दुसरी म्हणाली, "ती उठणार आहे, परवाच ईस्टर आहे." मी विचारलं, "परवा उठणार असेल तर उद्या पुरायची कशाला?" त्यानंतर स्वयंपाकघरात माझ्याजवळ कोणी फिरकलं नाही. बरंच झालं. मला सांत्वन नको होतं. मला घंटा हवी होती. गावभर ऐकू जाईल अशी, दुकानदारानं मान वर करून "कोण गेलं?" असं विचारावं अशी. आयुष्यात एकदा तिच्यासाठी कोणी मान वर करायला हवी होती.

पण टबात कापड भिजत ठेवून मला बसवेना. माझे हात आईवरच गेलेत. मी ते धुतलं, निळीतून काढलं, खळ केली. आई ज्या चादरीवर गेली तीही धुतली. साधी पांढरी चादर, धुऊन धुऊन विरलेली. मधोमध, पाठ टेकते तिथं फाटली होती आणि आईनं चौकोनी ठिगळ लावलं होतं, मुंगीच्या पावलांसारखे टाके घालून. अंगणातल्या दोरीवर कापड आणि चादर शेजारी शेजारी वाळत पडली.

कापड मी पहाटे उठून इस्त्री केलं. नळीवर गुंडाळलं. दादानं पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. "मला वाटलंच होतं," म्हणाला. "तू बोलतेस एक आणि करतेस एक."

मी नळी उचलली, बाहेरच्या खोलीत गेले आणि शवपेटीपाशी कापड उलगडलं. आईच्या पायाखालून घेतलं, दोन्ही बाजूंनी वर आणलं, हनुवटीपर्यंत. लांबलचक होतं, दोनदा वेढा बसला. हात तेवढे वर ठेवले. कुठं सुरकुती नाही. दादा भिंतीला टेकला.

फादर आले तेव्हा पेटी उघडीच होती. त्यांनी पाहिलं आणि ओळखलं.

"ताई, ते वेदीचं आहे," ते हळूच म्हणाले. "आशीर्वाद दिलेलं कापड आहे ते."

"आणि ही?" मी विचारलं.

दादा मध्ये पडला. "फादर, मी समजावतो हिला, ती जरा..." फादरांनी हात वर करून त्याला थांबवलं. आईच्या भेगाळलेल्या बोटांकडे पाहिलं. मग पुस्तक उघडलं आणि प्रार्थना सुरू केली.

कबरस्तानात गाणं नाही, घंटा नाही. माती पडत असताना बाहेरच्या रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, तीच काय ती तिची घंटा. फादर म्हणाले, "आज प्रभूही कबरीत आहे. आज त्याच्यासाठीसुद्धा घंटा नाही."

"त्याला फक्त आजची रात्र काढायचीय," मी मोठ्यानं म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. "हिनं किती दिवस काढायचे?"

फादरांनी पुस्तक मिटलं. "मला माहीत नाही," म्हणाले.

दोन दिवसांत ऐकलेलं तेवढं एकच वाक्य मला खरं वाटलं. पण म्हणून राग गेला नाही. माणूस खरं बोलला की राग कुणावर काढायचा तेच कळत नाही आणि तो आणखी चढतो.

घरी येऊन आंघोळ केली, बाकीच्यांना निरोप दिला आणि जरा पडले. डोळा लागला. संध्याकाळी उठून अंगणात गेले तर दोरीवर चादर नाही. घरात शोधली, नाही. काहीतरी करपल्याचा वास मात्र येत होता. मला वाटलं, शेजारी कुणाचं तरी दूध उतू गेलं. दादाही घरात नव्हता. चर्चमध्ये गेला असणार, दुसरं कुठं. मेलेल्या बाईची चादर चोरणारीही माणसं असतात, मी तोंडाला येईल ते बोलले, एकटीच. आईच्या अंगाखालची शेवटची वस्तू होती ती.

रात्री ईस्टरच्या घंटा सुरू झाल्या. दोन दिवस दाबून ठेवल्यासारख्या वाजत होत्या. मी उशी कानावर दाबली.

रविवारी सकाळी मी चर्चमध्ये गेले, ती खोटं कशाला बोलू, त्यांची उघडी वेदी बघायला गेले. आईच्या शेवटच्या बाकावर बसले. समोर फुलं, ईस्टरला लावतात ती उंच पास्काची मेणबत्ती. आणि वेदीवर पांढरं कापड.

म्हणजे दुसरं होतं यांच्याकडे. मापाचं दुसरं नाही म्हणे. माझ्या तोंडावर खोटं बोलला तो पोरगा. मी उठून जाणार होते, तेवढ्यात मला रेघ दिसली. कापडाच्या मधून घडीची ठसठशीत रेघ, तिला छेदणारी आणखी एक. समोरच्या काठाला तपकिरी डाग, इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा. कोणी केलंय हे? असल्या कापडावर प्रभूला उठवतात? अख्ख्या शुभवर्तमानात मी त्या रेघेकडेच बघत होते. कापडं तिथंच पडलेली होती, हे वाक्य आलं आणि माझं कोपर आपोआप बाजूला गेलं. बाजूला कोणी नव्हतं.

प्रसादाच्या रांगेत मी उभी राहिले ती जवळून बघायला. वेदीच्या पायरीशी आले आणि दिसलं. मधोमध, जिथं प्याला ठेवतात तिथं, चौकोनी ठिगळ होतं. मुंगीच्या पावलांसारखे टाके.

फादर प्रसाद घेऊन पुढ्यात उभे राहिले तरी मी तोंड उघडलं नाही. त्यांना थांबावं लागलं. मी त्या ठिगळाकडे बघत होते. काल रात्री गावभर ज्या घंटा वाजल्या, त्या या चादरीवर मिस्सा चालू असताना वाजल्या होत्या. आई ज्या चादरीवर गेली, तिच्यावर. आणि मी उशी कानावर घेतली होती.

बाहेर दादा दारात उभा होता. उजव्या अंगठ्याला टूथपेस्ट फासलेली.

"तू?" मी विचारलं.

"माप कमी पडलं," तो म्हणाला. "पुढून पुरली, मागून लोंबत नाही. फादर म्हणाले, मागचं देवच बघतो, तो काही बोलणार नाही."

"त्यांना सांगितलंस, कसली चादर आहे?"

"सांगितलं. मी ठिगळ एका बाजूला घेत होतो. त्यांनीच ओढून मध्ये आणलं."

मी त्याच्यावर ओरडले. "आणि घडी कुणी घातली? आयुष्यभर तिला बघितलंस ना? वेदीचं कापड घडी घालून नेतात?"

"नळी सापडली नाही गं," दादा म्हणाला आणि रडायला लागला, तिथंच, सगळ्यांसमोर, त्या जाड्या बाईसमोर. शुक्रवारपासून पहिल्यांदा.

"मूर्ख आहेस," मी म्हणाले. "अंगठा बघू."

राग गेला का? नाही. तो नियम अजूनही मला पटत नाही, पुढच्या वर्षी याच दिवसांत कोणी गेलं तर मी पुन्हा भांडेन. देवाशी तर माझा हिशेब उघडाच आहे. तू तिसऱ्या दिवशी उठलास, मग इतरांना एवढं का ताटकळत ठेवतोस, हे मी त्याला विचारल्याशिवाय राहणार नाही.

पण संध्याकाळची मिस्सा होती आणि ती रेघ काही मला सहन होईना. लोक पांगल्यावर मी वेदीवरची चादर काढली. फादर बघत होते. घरी आणून तिच्यावर पाणी शिंपडलं आणि आईच्या इस्त्रीनं काठापासून सुरुवात केली. विरलेली आहे, जपून करावी लागते. ठिगळावरून तर टोक फिरवायचंच नाही, नुसतं टेकवायचं. रेघ गेली. करपलेला डाग जाणार नव्हता. नळी माझ्याच खोलीत पलंगाखाली निघाली. शनिवारी मीच ढकलली होती.

चादर गुंडाळून दोन्ही हातांवर घेतली आणि निघाले. दादा मागून आला. "दे, मी नेतो," म्हणाला.

"हात लावू नकोस," मी म्हणाले. "तू पुढं हो आणि दार उघड."